बाबांचा सर्व्हे

सिएरा नेवाडातल्या तळ्यांचे फोटो तुमच्याही फीडवरून गेले असतील. आरशासारखं पाणी, मागे बर्फाचे पट्टे उरलेला ग्रॅनाइटचा डोंगर, काठावर केशरी तंबू आणि तंबूच्या दारातून बाहेर आलेले दोन पाय. खाली लोक विचारतात, जागा कुठली, परमिट कसं काढायचं, नेटवर्क येतं का. डासांबद्दल फारसं कुणी विचारत नाही, कारण फोटोत ते दिसत नाहीत. प्रत्यक्षात जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तो फोटो काढणारा माणूस एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने स्वतःच्याच थोबाडीत मारत असतो.

हे आजचं नाही. जॉन म्यूर १८६९च्या उन्हाळ्यात मेंढ्यांच्या कळपाबरोबर योसेमिटीच्या वरच्या भागात फिरला. त्या उन्हाळ्याच्या रोजनिशीत फुलं आहेत, ढग आहेत, झरे आहेत आणि डासही आहेत. त्यांच्या आकाराचं आणि धिटाईचं त्याला कौतुकच वाटलेलं दिसतं.

मला तसं कौतुक कधी वाटलं नाही. मी सॅन होजेला राहते आणि दर उन्हाळ्यात एकदा तरी डोंगरातल्या एखाद्या तळ्याकाठी तंबू ठोकते. आमचा सात-आठ मराठी घरांचा एक ग्रुप आहे. कुणी जाऊन आलं की व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट टाकतं : चढ किती, पाणी कुठे, गर्दी कशी आणि डासांना पाचपैकी किती. पाचपैकी पाच म्हणजे वरणभात जाळीच्या आत बसून खाल्ला.

या डासांची एक गंमत आहे. तळं हे त्यांचं घर नसतं. तळ्यात वारा असतो, लाटा असतात, मासे असतात, अळ्यांना ते परवडत नाही. त्यांचं घर म्हणजे तळ्याभोवतीच्या गवताळ कुरणात बर्फ वितळून साचलेली डबकी. मादी उन्हाळ्यात ओलसर मातीत, शेवाळात अंडी घालून जाते. त्यावर हिवाळाभर बर्फ बसतं. बर्फ वितळून डबकं भरलं की अंडी फुटतात, त्या गारठलेल्या पाण्यातच अळ्या वाढतात आणि काही आठवड्यांत अख्खी पिढी एकदम हवेत येते. वर्षाला एकच पिढी. डबकी आटली की ऑगस्टमध्ये खेळ खलास. म्हणजे कुरणात फुलं असतात, ओढे भरून वाहतात, डोंगरावर बर्फ असतं आणि फोटो सगळ्यात छान येतात, नेमका तेव्हाच त्यांचा हंगाम असतो.

उपाय आहेत. एक डीट. अमेरिकन सैन्यात १९४६ पासून आणि बाजारात १९५७ पासून असलेलं हे औषध चालतं, पण प्लास्टिक खातं. माझ्या एका गॉगलच्या काड्यांवर अजून माझ्या बोटांचे ठसे आहेत. दुसरं पिकारिडिन, त्याला वास जवळजवळ नाही आणि गॉगलही वाचतो. तिसरं परमेथ्रिन, हे अंगाला लावायचं नाही, कपड्यांवर फवारून वाळवायचं. शिवाय डोक्यावर घालायची जाळी, जी घातल्यावर प्रत्येक माणूस मधमाश्या पाळणारा दिसतो. डास आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांवरून माग काढतात, त्यामुळे चढ चढून धापा टाकत आलेला माणूस म्हणजे त्यांना पाहुणचाराचं आमंत्रणच.

हे सगळं मी गेल्या जुलैत बाबांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होते. गाडी टायोगा रोडवर होती, नवरा चालवत होता. गुडघ्यामुळे आई घरीच थांबली होती. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग परमेथ्रिनची बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, "हे तं आपल्या मच्छरदाणीच्या औषधाचं भावंड हाय."

मी ज्यांना डासांबद्दल शिकवत होते, त्यांनी चौतीस वर्षं हिवतापाच्या कामात काढली होती.

*

बाबा १९८१ साली आरोग्य सेवक म्हणून नोकरीला लागले. तेव्हा चंद्रपूर जिल्हा होता. पुढच्या वर्षी गडचिरोली वेगळा झाला आणि बाबा त्या बाजूला गेले. आमच्याकडे डासाला सगळे मच्छरच म्हणतात. डास हा शब्द बाबा फक्त रिपोर्टात लिहीत. घरात मच्छर, कागदावर डास.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. दर पंधरा दिवसांनी नेमून दिलेल्या प्रत्येक घरी जायचं आणि विचारायचं : ताप कोणाले? ताप असेल त्याचं बोट टोचायचं, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन पसरायचा, पट्टीवर नंबर टाकायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या. पट्ट्या तपासायला जात, निकाल येई, निकाल पॉझिटिव्ह असेल तर पुन्हा त्या घरी जाऊन पूर्ण उपचार द्यायचे. घराच्या भिंतीवर आमच्या खात्याचा एक चौकोन रंगवलेला असे. त्यात प्रत्येक भेटीची तारीख आणि सही. सायकल जाईल तिथवर सायकल, पुढे पायी.

मी चौथीत असताना मला थंडी वाजून ताप आला, तेव्हा माझंही बोट बाबांनीच टोचलं. तीन गोधड्या अंगावर आणि दात वाजतायत. आईच्या डोळ्यांत पाणी. बाबा मात्र माझ्याशी अगदी खात्यातल्यासारखं बोलत होते. "नाव?" मी म्हटलं, "बाबा!" ते म्हणाले, "पूर्ण नाव." वायव्हॅक्स निघाला. त्या गोळ्यांची कडू चव अजून जिभेवर आहे.

गावोगावच्या भिंतींवर "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे तुम्ही वाचलं असेल. आमच्या भागातल्या त्यातल्या काही भिंती बाबांच्या हातच्या आहेत. त्यांच्या अक्षरातला 'ळ' मी कुठूनही ओळखते.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत. १९५३ मध्ये नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं नाव निर्मूलन कार्यक्रम झालं. डीडीटीची घरोघर फवारणी झाली आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. सगळ्यांना वाटलं, संपलं. १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. डासांना डीडीटी पचायला लागलं होतं आणि माणसांचं लक्ष उडालं होतं. बाबा त्यानंतरच्या भरतीतले. निर्मूलन हा शब्द तोवर जपून वापरायला लागले होते. पण बाबांच्या डोक्यातून तो गेला नाही. त्यांच्यासाठी बरोबर आकडा एकच होता, शून्य.

*

मे लेक मी मुद्दाम निवडलं होतं. उंची साधारण ९३०० फूट, पण गाडीतळापासून जेमतेम दोन किलोमीटरची वाट आणि पाचशे फुटांचा चढ. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला दमादमाने जमण्यासारखं. वर पाठीमागे माउंट हॉफमन, खाली निळं पाणी. आदल्या रात्री उंचीची सवय व्हावी म्हणून वाटेतच मुक्काम केला होता.

बाबांनी चंद्रपूरहून ओडोमॉसच्या तीन ट्यूबा आणि कासवछाप अगरबत्तीचा पुडा आणला होता. अगरबत्ती गाडीतच ठेवायला लावली. कोरड्या जंगलात पेटती वस्तू ठेवून झोपणं बरं नाही, हे त्यांना लगेच पटलं. जाळीची टोपी घालायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. "मी काय नवरदेव हाय मुंडावळ्या बांधून फिराले?"

तळं दिसलं तसे आम्ही थांबलो. तिथे सगळेच थांबतात. नवऱ्याने फोन काढला. बाबा आमच्या शेजारी नव्हते. ते वाटेच्या डावीकडे, कुरणाच्या कडेला उकिडवे बसले होते, आणि त्यांच्या हातात माझ्या सॅकला लटकवलेला चहाचा पांढरा एनॅमलचा मग होता.

"बाबा, काय करताय?"

"सर्व्हे."

खात्यात अळ्या मोजायला पांढरा डिपर असतो, पांढऱ्यावर अळी दिसते म्हणून. कॅम्पिंगचा मगही पांढराच. त्यांनी तो तिरका धरून हलकेच पाण्यात घातला, वर काढला आणि माझ्यापुढे केला. दोन बोटं पाण्यात बारीक काळ्या रेघा वळवळत होत्या. बाबा ओठ हलवत मोजत होते.

"सदतीस. अन् कोष वेगळे."

मग त्यांनी मला दाखवलं. पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी तरंगते ती अॅनॉफिलिसची अळी, हिवताप पसरवणाऱ्या डासाची. डोकं खाली करून शेपटाकडच्या नळीने लटकते ती एडिस नाहीतर क्युलेक्स. या सगळ्या लटकत होत्या. त्यांनी दुसरं डबकं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळ्या लटकत्या. हिवताप पसरवणारी एकही नाही. मग ते उठले, गुडघे झटकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याला सुटका म्हणता येईल. एवढा वेळ त्यांना भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. मुलगी आणि जावई रात्री झोपणार ती जागा ते तपासत होते.

तंबूची जागाही मग त्यांनीच ठरवली. मी पाण्याजवळची सपाट, मऊ जागा बघत होते. बाबांनी कुरणाकडे पाठ केली, ओलं बोट हवेत धरलं आणि झाडांमधून वर ग्रॅनाइटच्या एका उघड्या कातळाकडे निघाले. डास फार दुबळा उडणारा, तासाला दोन-अडीच किलोमीटरपेक्षा जास्त त्याला जमत नाही. वाऱ्याची जराशी झुळूक त्याला पुरते. खाली कुरणालगत तंबू टाकलेली मंडळी नाचत होती, वर आम्ही चक्क उघड्यावर बसून चहा प्यायलो. सहा उन्हाळे मी इथे येतेय. व्हॉट्सअॅपवरच्या कुठल्याच रिपोर्टात हे इतकं नीट लिहिलेलं नव्हतं.

*

सूर्य हॉफमनच्या मागे गेला आणि वारा पडला. सिएरातली ही वेळ वाईट. वीस मिनिटांत आम्ही तिघं तंबूत होतो. जाळीच्या बाहेर डास बसायला लागले. आतल्या दिव्याच्या उजेडात एकेकीचे पाय, सोंड, सगळं दिसत होतं. चावणाऱ्या सगळ्या माद्याच, अंडी घडवायला त्यांना रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांच्या रसावर राहतात. नवऱ्याने फोनवर आवाज रेकॉर्ड केला. ग्रुपवर टाकायला, म्हणाला. पाचपैकी पाच.

बाबा हसले नाहीत. जाळीकडे बघत म्हणाले, "आम्ही मच्छरदाण्या वाटल्या तवा लोक त्याचे मासे धरत. रागवायचो आम्ही. मग एका म्हाताऱ्यानं सांगतलं, साहेब, ताप कधी येईल कोनाले माहीत, पोट तं रोज हाय."

मग थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती मी त्याआधी ऐकलेली नव्हती. आईलाही माहीत नव्हती, हे मला नंतर कळलं.

१९८७चा पावसाळा. त्यांच्या हद्दीत नाल्यापलीकडे एक टोला होता, अकरा घरांचा. तिथे एका घरी सात वर्षांच्या मुलीला ताप होता. बाबांनी रक्त घेतलं, वयाच्या हिशेबाने गोळ्या दिल्या, भिंतीवरच्या चौकोनात तारीख टाकून सही केली आणि परतले. पट्टी तपासायला गेली. त्या रात्री पाऊस लागला तो सुटेना. नाला भरला. निकाल हातात आला तो फाल्सिपॅरम, मेंदूत चढणारा. बाबा गोळ्या घेऊन नाल्याकाठी रोज जायचे. पलीकडे टोल्यातली माणसं दिसायची, हाक जायची नाही, पाण्याचा आवाज एवढा. नवव्या दिवशी पाणी कमरेपर्यंत उतरलं तेव्हा ते पलीकडे गेले.

मुलगी चार दिवसांपूर्वी गेली होती. आई दारात बसली होती. तिने काही म्हटलं नाही, ओरडली नाही. बाबांनी घरात अजून कुणाला ताप आहे का विचारलं. धाकट्याला होता. त्याचं रक्त घेतलं, त्याला गोळ्या दिल्या.

"मग भिंतीवर वरच्या तारखेखाली तारीख टाकली," बाबा म्हणाले. "सही केली. काय करणार? भेट तं झाली होती."

मुलीचं नाव त्यांनी सांगितलं. छत्तीस-सदतीस वर्षं ते नाव त्यांनी लक्षात ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही.

बाहेरचा गुणगुणाट हळूहळू कमी झाला. या उंचीवर रात्री पारा झपाट्याने उतरतो आणि थंडीत डासांना उडता येत नाही. बाबांनी विचारलं, "इथं नव्हता का हिवताप कधी?"

होता. मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. याच डोंगरांच्या पायथ्याशी, सॅक्रामेंटो आणि सॅन होआकीन नद्यांच्या खोऱ्यांत १८३३ मध्ये तापाची मोठी साथ आली. फरच्या व्यापारासाठी उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांबरोबर ती आली आणि हजारो मूळ रहिवासी मेले, गावंच्या गावं रिकामी झाली. अभ्यासक ती साथ हिवतापाचीच मानतात. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिवताप होता. आज जगभर नाव घेतलं जातं ती सीडीसी ही संस्था अटलांटात १९४६ मध्ये उभी राहिली तीच मुळी हिवतापाच्या युद्धकाळातल्या खात्यातून. घरोघरी डीडीटी फवारलं गेलं. १९४९ अखेर या फवारण्यांची संख्या ४६ लाखांच्या पुढे होती. १९५१ मध्ये देश हिवतापमुक्त मानला गेला.

बाबांनी अंधारात बराच वेळ उत्तर दिलं नाही. मला वाटलं झोपले.

"म्हंजे इथंबी कोनीतरी घरोघर फिरला," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी तळ्यावर रेंजर आली. परमिट तपासलं, खाणं अस्वलापासून सुरक्षित ठेवलंय ना ते पाहिलं. पलीकडे दोघं गळ टाकून बसले होते. बाबांनी मला विचारायला लावलं, या पाण्यात मासे कोणते?

रेंजरने सांगितलं ते असं. सिएराच्या या उंचीवरच्या बहुतेक तळ्यांत मुळात मासेच नव्हते. एकोणिसाव्या शतकापासून गळ टाकणाऱ्यांच्या हौसेसाठी ट्राउट आणून सोडले, आधी खेचरांवरून, नंतर चक्क विमानातून. इथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांची पिल्लं मोठी व्हायला दोन ते चार वर्षं लागतात, म्हणून त्यांना हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारं खोल पाणी लागतं. नेमक्या त्याच खोल पाण्यात ट्राउट आले आणि त्यांनी बेडकांची पिल्लं खाऊन टाकली. वर बुरशीचा एक रोग आला. एके काळी पायाखाली येतील इतके असलेले बेडूक २०१४ मध्ये धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेले. योसेमिटीत मासे सोडणं १९९१ मध्ये थांबलं. काही तळ्यांतून मासे काढून टाकले आणि तिथे बेडूक पुन्हा सोडले. ते आता टिकायला लागले आहेत.

मी भाषांतर करत होते. बाबांनी सगळं ऐकून विचारलं, "गप्पी कुठं सोडायचा, हे पहिलं शिकवत आमाले. विहीर, हौद, टाकं. मी नाल्यात कधी नाही सोडला. नाल्याचे मासे नाल्याचे असतेत. इथं कोनी इचारलं नाही का?"

हे मी इंग्रजीत कसं सांगितलं ते आठवत नाही, पण रेंजरने बाबांकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. ते काय काम करत होते, असं तिने विचारलं. मी सांगितलं. मग बाबांनी त्यांचा खरा प्रश्न विचारला.

"इथं मच्छर मारायचं काम कोनाकडं हाय?"

"कुणाकडेच नाही," ती म्हणाली. इथे फवारणी करत नाहीत. वटवाघळं, चतुर, पाकोळ्या आपापलं खातात. उरलेले तुम्हाला चावतात. पार्क त्यांचंही आहे.

ती गेल्यावर बाबा कातळावर बसून राहिले. मी शेजारी बसले. खालच्या कुरणात निळी-जांभळी फुलं होती आणि त्यावर दुपारच्या उन्हात काहीतरी सतत हलत होतं. ज्या कामाला त्यांनी आयुष्य दिलं ते काम इथे कुणाचंच नव्हतं, आणि तरी कुणी मरत नव्हतं. त्यांना याचा आनंद झाला होता की आणखी काही, ते मी विचारलं नाही. बाबांना असे प्रश्न विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. मी त्यांना चकली दिली.

मी त्यांना फक्त आताचं विचारलं. आता गडचिरोलीत काय करतात? त्यांचा चेहरा उजळला. आता आशाताईच्या पिशवीत किट असतं, म्हणाले. बोट टोचा, थेंब टाका, पंधरा-वीस मिनिटांत निकाल. तिथल्या तिथे गोळ्या सुरू. नाला भरला तरी ताई अलीकडे-पलीकडे कुठेही असो, किट गावातच असतं. त्यांच्या जिल्ह्यातला हिवताप अजून संपलेला नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण पंधरा मिनिटं हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला.

संध्याकाळी वारा पडायच्या सुमारास मी आणि नवरा तंबूत शिरलो. बाबा बाहेरच राहिले. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडून, हात गुडघ्यावर ठेवून कातळावर बसले. खात्यात काही माणसांना असं बसावं लागे, उघड्या पायांवर डास उतरू द्यायचे, चावण्याआधी नळीने ओढून घ्यायचे आणि कोणती जात आहे ते बघायचं. बाबांकडे नळी नव्हती.

एक येऊन बसली. मला जाळीतून दिसत होतं. बाबांनी हात हलवला नाही. ती सोंड टेकवून बसली, तिचं पोट हळूहळू फुगलं, मागून येणाऱ्या उजेडात लाल दिसायला लागलं. दुसरा हात बाबांनी वर उचलला होता, चौतीस वर्षांच्या सवयीने. तो तसाच राहिला.

"मारा ना, बाबा," मी आतून म्हटलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "हिले कोनाच्या घरी जायचं नाही."

ती जड होऊन उडाली आणि कुरणाच्या दिशेला गेली. बाबा हात खाजवत तंबूत आले आणि ओडोमॉस कुठे ठेवलं म्हणून विचारायला लागले.

*

ग्रुपवर मी रिपोर्ट टाकला. तुम्हाला जायचं असेल तर तोच इथेही देते. मे लेकला मुक्कामाचं परमिट लागतं, ते आधी काढा. तळ्यात पोहू नका, मनाई आहे. तंबू कुरणापासून लांब, उघड्या कातळाशेजारी, वाऱ्याच्या तोंडाला लावा. अंगाला पिकारिडिन, कपड्यांना परमेथ्रिन. फवारलेले कपडे तळ्यात धुऊ नका, ते माशांना विषारी असतं. संध्याकाळचं जेवण सूर्य डोंगरामागे जायच्या आत उरका. रात्र थंड आणि मोकळी असते, तारे तेव्हा बघा. डास नकोच असतील तर ऑगस्टच्या शेवटी जा. सप्टेंबर तर उत्तमच.

बाबांना मी पुढच्या वर्षीसाठी सप्टेंबर सुचवला. फोनवर ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, सप्टेंबरात डबकी सुकलेली असतील, सर्व्हेले काय उरंल? तिकीट जुलैचं काढ.